सारवलेली खोली

माझ्या सासूबाईंबद्दल मी चांगलं लिहायला बसले आहे हे आमच्या वाडीत कळलं तर बायका पोट धरून हसतील. आमचं दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मी भात शिजवला तर तो फडफडीत, मी ताक घुसळलं तर लोणी कमी, आणि मी गप्प बसले तर ‘हिच्या पोटात काय हाय ते देवालाच ठाव’. त्यांचं नाव गंगुबाई. सासरे लवकर गेले. मागे राहिलेलं किराण्याचं दुकान, आंब्याची कलमं आणि माझे यजमान आप्पा हे सगळं त्यांनी एकटीनं वाढवलं. त्यात आप्पांकडे जरा कमी लक्ष गेलं असावं, कारण आईला विचारल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे.

आमची वाडी खाडीच्या काठावर, आणि पलीकडे रत्नागिरी. भरतीचं पाणी असेल तोवर होडी चालायची. ओहोटी लागली की ती चिखलात बसायची, मग कलेक्टरसाहेब आले तरी उठायची नाही.

सासूबाईंना अभिमान होता तो घराच्या जमिनीचा. त्यांच्यासारखं सारवण आसपासच्या वाड्यांत कुणाचं नव्हतं, हे मी भांडणातसुद्धा कबूल केलेलं आहे. हाताची बोटं उमटत नसत, कोपरा सुटत नसे. माजघर, ओटी, पडवी, फार काय, लाकडं ठेवायची खोपसुद्धा त्या आठवड्याला सारवून घेत. शेजारी हुसेन नाखवा. त्याचं गलबत बसऱ्यापर्यंत जायचं, आणि त्या पैशातून त्यानं घरात चुन्याचा कोबा केला होता, पांढरा, घोटीव, पाणी ओतलं तर घरंगळत बाहेर जाईल असा. सासूबाई दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून तिकडे बघून म्हणायच्या, “जमीन कसली ती! शेणाचा हात नाय, तिला काय शुद्ध म्हणायचं?” नाखव्याची बायको आसिया हे ऐकायची आणि हसून गडग्यावरून फणसाचे गरे द्यायची. सासूबाई ते गरे घ्यायच्या, पाणी शिंपडून आत न्यायच्या. पाणी मात्र त्यांनी त्या घरचं कधी प्यायलं नव्हतं.

एकतीस सालच्या श्रावणात त्यांचं दुखणं बाहेर आलं. अंतर्गळ जुनीच होती. जांघेत गाठ यायची, त्या आडव्या होऊन ती दाबून आत सारायच्या आणि पुन्हा जात्यावर बसायच्या. कुणाला सांगतील तर शपथ! या खेपेला मात्र गाठ आत जाईना. रात्रभर ओकाऱ्या. आप्पा खाडी ओलांडून फणसोपकर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, इस्पितळात आणा. सासूबाई म्हणाल्या, “त्या खाटंवर माझ्याआधी कोण मेलं आसंल, कशानं मेलं आसंल, माका काय ठाव? मी नाय जायची.” डॉक्टरांनी पुढे मला सांगितलं, की हा प्रश्न काही वेडगळ नव्हता, शहाण्याशहाण्यांना सुचत नाही. पण त्या दिवशी आम्हाला तो हट्टच वाटला.

दुसऱ्या दिवशी गाठ दगडासारखी टणक झाली, आणि पोट फुगलं. सकाळची भरती लागताच आप्पा पुन्हा गेले आणि त्याच होडीनं परत आले. निरोप असा होता, की आता थांबता येत नाही, आतडं अडकलं आहे, डॉक्टर हत्यारं उकळून ओहोटीआधीच्या शेवटच्या होडीनं येतात आणि घरातच ऑपरेशन करतात. तोवर एक खोली रिकामी करा, अगदी स्वच्छ करा, आणि पाणी उकळत ठेवा.

अगदी स्वच्छ! झालं, आमच्या घरात लग्नाची घाई उडाली. देवघराशेजारच्या खोलीतून भाताच्या कणग्या बाहेर गेल्या. सखू सुईण आली. वाडीतलं प्रत्येक मूल तिच्या हातून जन्माला आलेलं, त्यामुळे कुणाच्याही घरात ती हक्कानं शिरायची. शेजारणी आल्या. पदर खोचले गेले. मला सातवा महिना, म्हणून वाकायला बंदी. सासूबाई माजघरात खाटेवर आडव्या, चेहरा पिवळा पडलेला, पण दोन ओकाऱ्यांच्या मधे त्यांचं चालूच होतं.

“काळीचं शेण घ्या गो. तांबडीचं नको, ती परवापासून ढाळतेय. वायच पातळ कालव, सखू. कोपऱ्यात हात घाल!”

पावसाचे दिवस, सारवण वाळेना. म्हणून खोलीत शेगडी ठेवली. उंबऱ्याशी रांगोळी घातली. गुरव देवीचा अंगारा घेऊन आला. तो सासूबाईंच्या कपाळाला लावला, आणि उरलेला सखूनं नेऊन गाठीवर चोळला. खोली इतकी सुरेख झाली होती, की मलाही वाटलं, आता मरण आत शिरायला लाजेल.

डॉक्टर शेवटच्या होडीनं आले. लहानखुरे, चष्म्यावर पावसाचे थेंब, बरोबर पेटी उचललेला सखाराम कंपाउंडर. दारात जोडे काढून ते खोलीपाशी गेले आणि उंबऱ्यावरच थबकले. आप्पा शेजारी उभे, शाबासकी मिळणार अशा बेतानं.

“हे कधी सारवलंत?”

“आत्ताच. तुमच्यासाठीच.”

डॉक्टरांनी डोळे मिटले. मी त्या माणसाला मानते ती इथपासून. दुसरा कुणी असता तर ओरडला असता, अडाणी म्हणाला असता, आणि आम्ही सगळ्या बायका भिंतीला चिकटलो असतो. हे मात्र वळले, माजघरात आले आणि आप्पांना बाजूला सारून सासूबाईंच्या खाटेशी उकिडवे बसले.

“गंगुबाई, तुमची खोली फार सुंदर झाली आहे. पण तिथे मी तुम्हाला कापणार नाही.”

सासूबाईंनी डोळे वटारले. “काय कमी हाय तिच्यात?”

“कमी नाही, जास्त आहे. शेणात एक जंतू असतो, डोळ्यांना दिसत नाही. जमिनीवर पडलेला असतो तोवर तो तुमचं काही करत नाही. तुम्ही त्यावर चालता, बसता, जेवता, काही होत नाही. पण कातडी उघडी पडली आणि तो आत गेला, की धनुर्वात. शेण वाळलं तरी तो मरत नाही. मी आतडं सोडवीन, टाके घालीन, माझं काम उत्तम होईल, आणि आठ-दहा दिवसांनी तुमचा जबडा मिटेल. मग मला काही करता येणार नाही.”

माजघरात सगळ्या बायका उभ्या होत्या. हातांना शेण अजून ओलं होतं. कुणी पदराला पुसलं, कुणी हात पाठीमागे नेले.

“गाईच्या शेणात?” सखू म्हणाली. “डॉक्टर, देवाला चालतं ते तुमाला चालत नाय?”

डॉक्टर सासूबाईंकडे बघत राहिले, कारण सासूबाईंचा चेहरा बदलला होता. दुखण्याची कळ नव्हती ती. त्या कसला तरी हिशेब लावत होत्या, आणि तो लागू नये असंही त्यांना वाटत होतं.

“जबडा मिटतो,” त्या हळू म्हणाल्या. “अंग धनुकलीसारखं वाकतं. दूध गिळत नाय.”

“होय.”

“नाळंला लावलं तरी?”

मला सगळं त्याच क्षणी समजलं. आप्पांच्या आधी सासूबाईंना दोन मुलगे झाले होते, हे मी सखूकडून ऐकलं होतं. दोघेही आठवड्याच्या आत गेले. सटवाईनं नेले, असं म्हणायचं आणि पुढे बोलायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. बाळंतिणीची खोली तेव्हाही अशीच लखलखीत सारवलेली असणार, दुसरी कशी असेल? आणि नाळेला शेणाच्या पाण्यात कालवलेली राख लावायची, ही तर वाडीतल्या घराघरातली पद्धत.

डॉक्टरांना खोटं बोलता आलं असतं. समोर बाई मरणाच्या दारात, तिला आणखी एक दुःख कशाला द्या, असं म्हणून कुणीही बोललं असतं. ते म्हणाले, “होय. नाळ म्हणजे जखमच. तिथूनच जातो तो. पण ते तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, गंगुबाई.”

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आप्पा घाबरून म्हणाले, “दुसरी खोली आहे की, डॉक्टर. पलीकडली घ्या.”

“तुमच्या घरात न सारवलेली एक तरी खोली आहे का?”

नव्हती. ती कीर्ती आमचीच. दुकानात मिठाच्या गोण्या आणि उंदीर. होडी चिखलात बसलेली, पाणी यायला संध्याकाळ होणार, आणि संध्याकाळपर्यंत आतडं सडेल असं डॉक्टर म्हणाले. “वाडीत दगडी किंवा चुन्याची जमीन कुणाकडे आहे?” त्यांनी विचारलं. एक जण बोलेल तर हराम. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. आप्पा आईकडे बघत होते, सखू वर कौलांकडे.

भिंतीकडे तोंड केलेल्या सासूबाईच बोलल्या.

“नाखव्याकडं हाय. मला तिकडं न्या.”

“आई!” आप्पा म्हणाले. “लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणू देत. माजी दोन गेली तेवा लोक सगळे हयच होते.”

मग मी गडग्यापाशी जाऊन हाक मारली. आसिया डोक्यावर पोतं घेऊन धावत आली, अर्धं ऐकलं आणि अर्ध्यातच परत पळाली. कोंबड्या हुसकल्या, बाजेवरची गादी उचलली, दारं उघडली. पावसाळ्यामुळे गलबत वर ओढलेलं, म्हणून हुसेन नाखवा घरी होता. त्यानं आपल्या मुलाला, अयूबला घेऊन गडग्याचे चिरे बाजूला केले, आणि खाट सरळ पलीकडे नेली. भर पावसात, वर ताडपत्री धरून. सासूबाई डोळे उघडे ठेवून गेल्या.

नाखव्याच्या दिवाणखान्यात डॉक्टरांनी जे केलं ते मी दारातून पाहिलं. शेणाचा हात लागलेल्या एकाही बाईला त्यांनी आत येऊ दिलं नाही. सखू फणकाऱ्यानं घरी गेली. उरल्या आसिया आणि मी, कारण आमचे हात कोरडे होते. आमची नखं कापवली, बांगड्या उतरवल्या, साबणानं कोपरापर्यंत हात घासायला लावले. कोबा उकळत्या पाण्यानं आणि मग जंतू मारणाऱ्या कार्बोलिकनं धुतला. वरून कौलांचा केर पडू नये म्हणून उकळून पिळलेली चादर आढ्याला बांधली. मुंबईहून आणलेलं नाखव्याचं शिसवी टेबल घासलं. त्यावर सासूबाईंना ठेवून डॉक्टरांनी स्वतः त्यांच्या अंगावरचा देवीचा अंगारा धुऊन काढला. हे करताना ते म्हणाले, “देवी रागावली तर माझ्यावर रागावेल.” सासूबाई म्हणाल्या, “तिला पण पोरं हायत.”

शेवटी डॉक्टर स्वतःचे हात घासायला लागले. ते संपेचनात. हात धुऊन झाले, आणि नाखव्यानं प्रेमानं आपला धुतलेला पंचा पुढे केला. डॉक्टरांचं बोट त्याला पुसटसं लागलं. ते हसले, नाखव्याला नमस्कार केला, आणि पहिल्यापासून पुन्हा हात धुवायला लागले. नाखवा ओशाळला. टेबलावरून सासूबाईंचा क्षीण आवाज आला, “आमच्याहून कडक हो तुमचं.”

“तुमचंच आहे, गंगुबाई. फक्त शिवायचं कशाला नाही, ते वेगळं.”

मग सखारामनं क्लोरोफॉर्म दिला. मी बाहेरच्या चुलीवर पातेल्यात फडकी उकळत होते आणि आसिया ती चिमट्यानं दारापर्यंत पोचवत होती. आतून डॉक्टर मधेच म्हणाले, “गरम फडकं, आणखी एक.” आतडं काळंनिळं पडलं होतं. त्यावर ऊन फडकी ठेवून ते वाट बघत होते, की रंग परततो का. परतला नसता तर पुढचं मला लिहावंच लागलं नसतं. बऱ्याच वेळानं सखारामचा आवाज आला, “लाल होतंय, साहेब.” आसिया माझ्या गळ्यात पडून रडली. मी पण रडले. अजूनही ते आठवलं की मला रडू येतं, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

शुद्धीवर आल्यावर सासूबाईंनी पाणी मागितलं. डॉक्टरांनी चमच्यानं ओठ ओले करायला परवानगी दिली, आणि चमचा होता आसियाच्या हातात. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. खाडी जागच्या जागी राहिली, आभाळ कोसळलं नाही.

पण खरा घोर पुढचे आठ-दहा दिवस होता. जखम भरेपर्यंत त्या नाखव्याच्याच घरी राहिल्या. मी जेवण नेत असे, आसिया पट्ट्या उकळत असे. आमच्या घरातून तिकडे जाण्याआधी मी पाय धुऊन लुगडं बदलायचं, असा सासूबाईंचाच हुकूम होता. रोज सकाळी मी त्यांना म्हणायची, “आई, तोंड उघडा.” जबडा मोकळा आहे का, एवढंच बघायचं होतं. आयुष्यभर ते तोंड मिटावं म्हणून मी नवस बोलले होते. आता ते उघडावं म्हणून देवाचा धावा करत होते. एके दिवशी त्या करवादल्या, “उघडलंय गो, आता काय दात मोजतेस?” तो आवाज ऐकला, आणि म्हटलं, सुटलो.

त्या घरी परतल्या तेव्हा भटजींना घेऊन चार कर्ती माणसं आली. नाखव्याच्या घरचं पाणी पोटात गेलं, तेव्हा प्रायश्चित्त घ्यायला हवं. सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. “घेणार हाय प्रायश्चित्त,” त्या म्हणाल्या. “पण ह्याचं नाय. कशाचं ते मी बघीन, कसं घ्यायचं ते पण मीच बघीन.” भटजी चहा घेऊन गेले.

मग त्यांनी देवघराशेजारची ती खोली खणायला लावली. आपल्या हातानं पोसलेली जमीन फोडताना त्या तिथेच उभ्या होत्या. नाखव्याच्या गवंड्यानं चुन्याचा कोबा केला. त्या कोब्यावर मी बाळंत झाले. सखू राखेचं भांडं घेऊन आली, तेव्हा सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आज राख नाय. दोरा उकळलाय, कातर उकळलीय, तू हात धू.” सखूनं हात धुतले, पण तोंड वाकडं करून. मुलगी झाली.

ते आठवडाभराचे दिवस आम्ही सासूसुनांनी कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. ती रडली की मला बरं वाटायचं, झोपली की जीव उडायचा. सासूबाई तिच्या गालाला करंगळी लावून बघत, ती चोखते का. आठवडा उलटला. पोर दूध ओढत होती.

बारशाला सगळी वाडी आली. आसियाही आली, आणि ती ओटीवर नव्हे, आत पाळण्याशी बसली. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली, तशी सासूबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“आधी माजं ऐका. माज्या दोन पोरांचं बारसं झालं नाय. बाराव्या दिसाआधीच गेली ती. सटवाईनं नेली म्हणून मी इतकी वर्सं तिला शिव्या दिल्या. सटवाईनं नाय नेली. खोली मी सारवली होती. राख मी कालवून दिली होती. ह्या हातांनी. मला कुणी सांगितलं नवतं, पण आता मी तुमाला सांगतेय. उद्या तुमच्यातली कोण म्हणाली, आमाला ठाव नवतं, तर ते खोटं आसंल.”

बायकांमध्ये अशी एक नव्हती, जिचं एखादं मूल असं गेलं नव्हतं. मी पाळण्याची दोरी हातात धरून उभी होते. आजवर मी पुष्कळ शूर माणसं पाहिली. वादळातून गलबत काढणारा नाखवा पाहिला, आतडं हातात धरून वाट बघणारा डॉक्टर पाहिला. पण भरल्या घरात, नातीच्या पाळण्याशी उभं राहून, आपली दोन मुलं आपल्याच हातांनी गेली हे सांगणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं. का सांगितलं? पुढच्यांची मुलं वाचावीत म्हणून. बस्स, दुसरं काही कारण नव्हतं.

सखू मागे भिंतीला टेकून बसली होती. त्या सगळ्या मुलांच्या नाळा तिनंच कापल्या होत्या. ती उठून जाईल असं मला वाटलं. ती उठली, बायकांमधून वाट काढत पुढे आली, आणि आपले दोन्ही हात सासूबाईंपुढे धरले.

“दोरा किती उकळायचा ता सांग,” ती म्हणाली. “काशीरामाची सून आज-उद्यात बाळंत व्हायची हाय.”